डोहाळजेवणातील खेळ व घरगुती बालसुरक्षा

डोहाळजेवण हा महाराष्ट्रात गर्भवती स्त्रीच्या कौतुकासाठी, बहुधा गर्भारपणाच्या सातव्या महिन्यात केला जाणारा घरगुती समारंभ आहे. ओटीभरण, फुलांचा साज, आवडीचे पदार्थ, डोहाळगीते व खेळ ही त्याची प्रमुख अंगे होत. यांपैकी खेळांचा उपयोग जन्माला येणाऱ्या बाळाच्या घरातील सुरक्षिततेची माहिती देण्यासाठीही करता येतो. भाजणे, बुडणे, पडणे, विषबाधा, घशात वस्तू अडकणे, विजेचा धक्का व विषारी दंश हे लहान मुलांच्या घरातील अपघातांचे मुख्य प्रकार आहेत. त्यांपैकी बहुतेक अपघात घराची मांडणी व मोठ्यांच्या सवयी वेळीच बदलल्यास टळू शकतात. प्रस्तुत लेखात या खेळांचे स्वरूप परभणी जिल्ह्यातील सेलू परिसराच्या संदर्भात दिले आहे.

नाव व पूर्वपीठिका

'डोहाळे' हा शब्द संस्कृतातील 'दोहद' या शब्दाशी जोडला जातो. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे मानून, दोन हृदये असलेली या अर्थाने गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हटले आहे. तिच्या इच्छा या गर्भाच्याही इच्छा असल्याने त्या पुरवाव्यात, अशी त्यामागील कल्पना आहे. कालिदासाच्या 'रघुवंश' या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणेच्या डोहाळ्यांचे व तिच्या माती खाण्याचे वर्णन येते. सोळा संस्कारांपैकी सीमंतोन्नयन हा संस्कारही गर्भवतीशी निगडित आहे. मात्र डोहाळजेवण हा प्रामुख्याने स्त्रियांनी जपलेला लोकाचार असून त्याला पुरोहिताची गरज नसते.

समारंभात गर्भवतीला हिरवी साडी व हिरव्या बांगड्या देतात, फुलांचे दागिने घालतात आणि झोपाळा, नाव, चंद्रकोर अशा सजावटीत बसवून तिची ओटी भरतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने पुष्कळ कुटुंबांत या समारंभानंतर ती माहेरी जाते. सासर व माहेर या दोन्ही घरांतील माणसे बाळाच्या जन्मापूर्वी एकत्र येण्याचा हा महत्त्वाचा प्रसंग असतो. बाळाचे पहिले काही महिने माहेरच्या घरात आणि रांगण्या-चालण्याचे महिने सासरच्या घरात जाण्याची शक्यता असल्याने सुरक्षिततेची माहिती दोन्हीकडील माणसांना एकाच वेळी मिळणे उपयुक्त ठरते.

पारंपरिक खेळ

डोहाळजेवणातील सर्वांत परिचित खेळ दोन झाकलेल्या वाट्यांचा आहे. एका वाटीत पेढा व दुसरीत बर्फी ठेवतात आणि गर्भवतीला एक वाटी उघडायला सांगतात. पेढा निघाल्यास मुलगा व बर्फी निघाल्यास मुलगी होईल असे गमतीने म्हटले जाते. या खेळाला कोणताही शास्त्रीय आधार नाही. तो केवळ गंमत म्हणून खेळला जात असला तरी त्यामागे मुलाची अपेक्षा डोकावते, असा आक्षेप घेतला जातो. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला व त्यानंतर १९९४ साली देशव्यापी कायदा झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यातील ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली आढळल्या. २००१ मध्ये हे प्रमाण ९१३ होते. या पार्श्वभूमीवर काही कुटुंबांनी हा खेळ वगळला आहे.

उखाणे घेणे, गाण्यांच्या भेंड्या, ताटातील वस्तू आठवून सांगणे, एका मिनिटात ठरावीक काम पूर्ण करणे असे इतर खेळ हळदीकुंकवाप्रमाणे डोहाळजेवणातही खेळले जातात. २००४ साली झी मराठी वाहिनीवर सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमामुळे व 'खेळ पैठणीचा' या नावाने गावोगावी होणाऱ्या स्पर्धांमुळे अशा खेळांना मोठी लोकप्रियता मिळाली. सुरक्षाविषयक खेळ याच परिचित खेळांच्या चौकटीत बसतात. त्यासाठी नवे साहित्य किंवा वेगळे नियम लागत नाहीत.

अंगणवाडीतील कार्यक्रम

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातील झुंझुनू येथून सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाड्यांमध्ये समुदाय आधारित कार्यक्रम घेण्याची पद्धत आली. गर्भवतींची ओटी भरणे, सहा महिन्यांच्या बाळाचे अन्नप्राशन इत्यादी कार्यक्रमांचा त्यांत समावेश होतो. अशा रीतीने डोहाळजेवणाचा घरगुती विधी सार्वजनिक आरोग्य शिक्षणाचेही माध्यम झाला. या कार्यक्रमांचा मुख्य भर आहार, लोहाच्या गोळ्या, लसीकरण व संस्थात्मक प्रसूती यांवर असतो.

बाळाच्या जन्मानंतर आशा कार्यकर्ती घरी येऊन नवजात शिशूची तपासणी करते. या गृहभेटींच्या पद्धतीचा पाया गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने केलेल्या कामात आहे. पुढील काळासाठी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात भेटी ठरवून दिलेल्या आहेत. डोहाळजेवणात खेळातून सांगितलेल्या गोष्टींची उजळणी या भेटींच्या वेळी होऊ शकते.

सेलू परिसरातील घर व धोके

सेलू हे परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी एका तालुक्याचे ठिकाण असून ते मनमाड–परभणी लोहमार्गावर आहे. वर्धा जिल्ह्यातील सेलू हे गाव याहून वेगळे आहे. तालुक्यातून दुधना नदी वाहते व तिच्यावर निम्न दुधना हा सिंचन प्रकल्प आहे. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही या भागातील प्रमुख पिके होत. येथील घरांत संभवणारे धोके पुढीलप्रमाणे आहेत.

पाणी: पाणीपुरवठा रोज नसलेल्या भागांत हौद, टाक्या, पिंप व बादल्या भरून ठेवाव्या लागतात. नुकतेच उभे राहू लागलेले मूल बादलीत डोकावताना डोक्याच्या भाराने आत पडते व त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. नाक व तोंड बुडेल इतके थोडे पाणीही त्याच्यासाठी घातक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली व त्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती.

विस्तव व गरम पदार्थ: जमिनीलगतची चूल, खाली ठेवलेला स्टोव्ह, अंघोळीच्या पाण्याचे पातेले, चहाचा कप व वरणाचे भांडे यांमुळे मुले भाजतात. बाळाची त्वचा पातळ असल्याने मोठ्यांना सहन होणाऱ्या पाण्यानेही तिला इजा होऊ शकते.

विषारी द्रव्ये: कापूस व सोयाबीनवर फवारण्याची कीटकनाशके शेतकरी कुटुंबांत अनेकदा घरातच ठेवली जातात. उरलेले औषध किंवा रॉकेल पाण्याच्या अथवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय विशेष धोकादायक आहे, कारण मूल बाटली तिच्या आकारावरून ओळखते. कुंपणाला लावलेली मोगली एरंडाची झाडे, धोत्रा व गुंज यांच्या बियाही विषारी असतात.

साप व विंचू: मण्यार हा साप रात्री सक्रिय असतो व जमिनीवर झोपलेल्या माणसांना त्याचा दंश होण्याचा धोका अधिक असतो. विंचूदंशाचा विषप्रभाव मुलांमध्ये तीव्र असतो. या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग प्रस्थापित करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे सेलूशेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड या गावचे आहेत. त्यांचे संशोधनकार्य रायगड जिल्ह्यातील महाड येथे झाले.

घशात अडकणाऱ्या वस्तू: शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, नाणी, मणी, बटणे व गोल चपट्या बॅटऱ्या यांचा यात समावेश होतो. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास सुमारे दोन तासांतच गंभीर जखम होऊ शकते.

खेळांचे प्रकार

ताटातील वस्तू

एका ताटात वीसेक घरगुती वस्तू मांडून त्यावर कापड टाकतात. एक मिनिट कापड काढून पुन्हा झाकतात व आठवतील त्या वस्तू लिहायला सांगतात. नेहमीच्या खेळात जास्तीत जास्त वस्तू आठवणारी स्त्री जिंकते. सुरक्षेच्या खेळात दुसरी फेरी असते: ताटातील कोणत्या वस्तू बाळाच्या घशात अडकतील, हे सांगायचे असते. उत्तर पडताळण्यासाठी पुठ्ठ्याची नळी वापरतात. लहान मुलांच्या खेळण्यांच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो व तिच्यात पूर्णपणे मावणारा भाग तीन वर्षांखालील मुलांसाठी धोकादायक मानला जातो. तेवढ्याच रुंदीची पुठ्ठ्याची नळी घरी करता येते. बांगडी नळीत जात नाही, पण कानातल्याचा फिरकीचा भाग जातो, हे समोर दिसल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. मात्र नळीत न मावणारी प्रत्येक वस्तू सुरक्षित असते असे नाही. द्राक्षे, फुगे व मऊ गोळ्या यांबाबत वेगळी काळजी लागते.

रांगणाऱ्याची नजर

या खेळात गर्भवतीचा पती, दीर, नणंद, भाऊ किंवा मुले यांच्या दोन-तीन जोड्या करतात. प्रत्येक जोडीने गुडघ्यांवर रांगत दोन मिनिटांत खोलीतील धोके शोधायचे असतात. लोंबणारी विजेची वायर, टेबलावरून खाली आलेले टेबलक्लॉथ, खालच्या फळीवरील फिनेल, पलंगाखालील पीठगिरणीचा बोर्ड, उघडे सॉकेट यांसारख्या गोष्टी उभ्या माणसाच्या नजरेस सहसा पडत नाहीत. प्रत्येक धोक्याला एक गुण व तो तेथल्या तेथे दूर केल्यास आणखी एक गुण दिला जातो. खेळ संपताना निदान ती एक खोली अधिक सुरक्षित झालेली असते.

कोठे ठेवाल?

चिठ्ठ्यांवर वस्तूंची नावे लिहितात: रॉकेल, औषधाच्या गोळ्या, कात्री, काडेपेटी, डासांच्या औषधाची बाटली, फवारणीचे औषध, लाटणे, वाटी. भिंतीवर 'कुलूपबंद', 'उंचावर' व 'हाताशी चालेल' असे तीन भाग केलेले असतात. चिठ्ठी योग्य भागात लावायची असते. फवारणीच्या औषधाची चिठ्ठी 'उंचावर' लावल्यास गुण मिळत नाही, कारण ते कुलूपबंद व शक्यतो घराबाहेर, मूळ डब्यातच ठेवणे आवश्यक असते. या खेळात बहुधा वाद होतो व त्या वादातून प्रत्येक घरातील प्रत्यक्ष जागा पुढे येते.

बाहुलीची अंघोळ

बाहुली, बादली, परात, टॉवेल व कपडे मांडून ठेवतात. अंघोळीचा योग्य क्रम लावणे हा खेळ असतो. आधी कपडे व टॉवेल हाताशी घेणे, प्रथम थंड व मग गरम पाणी ओतणे, पाणी ढवळून कोपराने तपासणे, बाळाला एका हाताने सतत धरून ठेवणे आणि शेवटी बादली रिकामी करून पालथी घालणे असा हा क्रम आहे. खेळ चालू असताना मध्येच दाराची कडी किंवा फोन वाजवतात. बाहुली तशीच ठेवून उठणारी स्पर्धक बाद होते. पाण्यातील बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये, ही या खेळातील मुख्य शिकवण आहे.

फूल की पान

हा समजुती तपासण्याचा खेळ आहे. एक विधान वाचले जाते. ते बरोबर वाटल्यास फूल व चूक वाटल्यास पान वर करायचे असते. विधाने व त्यांची उत्तरे पुढील स्वरूपाची असतात.

• भाजल्यावर टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावावी: चूक. भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे साधे थंड वाहते पाणी सोडावे, बाळाचे उरलेले अंग उबदार ठेवावे व बर्फ लावू नये.
• रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवावी: चूक. उलटी होताना रॉकेल फुप्फुसात जाऊ शकते. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.
• जन्मल्यावर बाळाला मध चाटवावा: चूक. एक वर्षाखालील बाळाला मधातून जंतुजन्य विषबाधा होण्याचा धोका असतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे.
• बाळाच्या डोळ्यांत काजळ घालावे: चूक. जंतुसंसर्गाची भीती असते व काही काजळांत शिसे आढळते.
• बाळाला पाठीवर निजवावे: बरोबर. सपाट अंथरूण असावे व तोंडाजवळ उशी किंवा सैल गोधडी नसावी.
• साप चावल्यावर वर घट्ट आवळून बांधावे: चूक. अंग हलू न देता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे.

१०८ चा फोन

एका स्पर्धकाला प्रसंगाची चिठ्ठी मिळते व तिने रुग्णवाहिकेसाठी फोन करण्याचा अभिनय करायचा असतो. गाव, वस्ती, ओळखीची खूण, मुलाचे वय व काय घडले या पाच गोष्टी अर्ध्या मिनिटात सांगाव्या लागतात. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. शेतवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांना घराचा पत्ता नेमका सांगणे कठीण जाते, त्यामुळे हा खेळ त्यांना विशेष उपयोगी पडतो.

उखाणे

सुरक्षेची एखादी गोष्ट गुंफून उखाणा घेण्याची स्पर्धा ठेवता येते. 'तव्याची मूठ वळवली भिंतीकडे, …रावांचं नाव घेते, लक्ष बाळाकडे' हा अशा उखाण्याचा नमुना होय. यमक जुळवताना सूचना पाठ होते व पुढे ती सहज आठवते.

प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक

घशात वस्तू अडकलेल्या एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, पाठीवर पाच थापा देणे व नंतर उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाब देणे, ही कृती बाहुलीवर दाखवता येते. तिला खेळाचे रूप दिले तरी ती प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर यांच्याकडूनच शिकावी. घशात बोट घालून वस्तू अंदाजाने शोधल्यास ती आणखी आत जाण्याची शक्यता असते.

उपयुक्ततेची कारणे

सातव्या महिन्यात दिलेल्या माहितीचा वापर करण्यास पुरेसा अवधी असतो. बाळ साधारणपणे चार ते सहा महिन्यांचे झाल्यावर कुशीवर वळू लागते, आठ ते दहा महिन्यांत रांगते व वर्षाच्या सुमारास चालू लागते. म्हणजे समारंभानंतर रांगण्यापर्यंत जवळपास वर्षभराचा काळ मिळतो. हौदाला झाकण करणे, सॉकेट उंच घेणे, कपाटाला कडी बसवणे ही कामे त्या काळात करता येतात. पहिल्या महिन्यांत आईला झोप व विश्रांती अपुरी मिळते. त्या वेळी नव्याने शिकण्यापेक्षा आधी शिकलेले आठवणे सोपे जाते.

दुसरे कारण कौटुंबिक स्वरूपाचे आहे. बाळाला मध चाटवणे, काजळ घालणे, घुटी देणे यांसारखे निर्णय पुष्कळदा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया घेतात. सुनेने सासूला किंवा सासूच्या सासूला त्याबाबत सांगणे उद्धटपणाचे मानले जाऊ शकते. खेळात मात्र चूक व बरोबर उत्तर सर्वांसमोर येते, ते कोणा एकीला उद्देशून नसते आणि चुकलेल्या पानावर सगळ्याच हसतात. वडीलधाऱ्या स्त्रियांच्या अनुभवालाही त्यात स्थान मिळते. पाळण्याची दोरी तपासणे, अंथरूण झटकून टाकणे, चपला उलट्या करून पाहणे या जुन्या सवयी सुरक्षिततेच्याच आहेत.

समारंभातील काळजी

खेळ गर्भवतीला बसून भाग घेता येईल असे असावेत. फुगे फोडणे, धावणे, उड्या मारणे, फार वेळ उभे राहणे तिच्यासाठी टाळतात. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जात असल्याने त्या दिवसांतील कार्यक्रम सकाळी किंवा सायंकाळी, हवेशीर जागी घेणे हितावह असते. तिला मध्ये पाणी व खाणे मिळावे, उपास घडू नये.

समारंभाची सजावटही सुरक्षाविषयक धडा ठरते. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे, टाचण्या, थर्माकोलचे मणी व सजावटीच्या दिव्यांतील बॅटऱ्या पाहुण्यांबरोबर आलेल्या लहान मुलांच्या तोंडात जाऊ शकतात. समारंभानंतर या वस्तू मोजून उचलणे हाच काही ठिकाणी शेवटचा खेळ ठेवता येतो. भेट म्हणून खेळणी देताना त्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना हे चिन्ह बंधनकारक आहे.

मर्यादा व आक्षेप

खेळातून मिळालेली माहिती ही प्रत्यक्ष सुरक्षिततेला पर्याय नाही. एका खोलीत स्वयंपाक, निजणे व धान्य साठवणे होत असेल, तर 'उंचावर ठेवा' या सूचनेला मर्यादा पडतात. कुलूपबंद पेटी, हौदाचे झाकण, मच्छरदाणी किंवा ओटा यांसाठी पैसा लागतो. शेतमजुरी किंवा ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे घर दर हंगामात बदलते व तेथे बाळावर लक्ष ठेवण्याचे काम अनेकदा थोरल्या भावंडाकडे येते. अशा कुटुंबांसाठी पाळणाघर व अंगणवाडीची सोय अधिक महत्त्वाची ठरते.

दुसरा आक्षेप जबाबदारीच्या वाटणीचा आहे. डोहाळजेवण हा परंपरेने स्त्रियांचा समारंभ असल्याने बाळाची सुरक्षितता ही एकट्या आईची जबाबदारी आहे, असा समज त्यातून दृढ होऊ शकतो. अपघात झाल्यास दोषही तिच्यावरच येतो. वास्तविक फवारणीचे औषध घरात आणणे, विजेची जोडणी करणे, हौद बांधणे, दुचाकीवर मुलाला बसवणे ही कामे बहुधा पुरुषांच्या हाती असतात. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा व हेल्मेट वापरण्याचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला आहे. त्यामुळे हे खेळ घरातील पुरुषांच्या सहभागाने खेळावेत, असे सुचवले जाते.

तिसरी मर्यादा विधीच्या स्वरूपातून येते. विधवा किंवा अपत्यहीन स्त्रियांना ओटीभरणापासून दूर ठेवण्याची रूढी काही ठिकाणी आहे. बाळाला सांभाळणारी आजी, आत्या किंवा मावशी याच कारणाने समारंभाबाहेर राहिल्यास तिच्यापर्यंत ही माहिती पोहोचत नाही. खेळ ओटीभरणापासून वेगळे व सर्वांसाठी खुले ठेवल्यास ही अडचण दूर होते.

हेसुद्धा पहा

• डोहाळजेवण
• सीमंतोन्नयन
• हळदीकुंकू
• अंगणवाडी
• पोषण अभियान
• प्रथमोपचार
• सेलू तालुका